भावी शिक्षकांना मोबाईल येतो, पण मोबाईलने शिकवणं येतं का?

बारावी झालेल्या मुलीसाठी आपल्या घरांत जे दोन-तीन पर्याय हमखास निघतात, त्यात डी.एड. असतंच. पदवी झाली असेल तर बी.एड. शाळा घराजवळ मिळाली तर उत्तम, वेळ ठरलेली, काम इज्जतीचं. डी.एड.चं नाव आता डी.एल.एड. झालंय, पण मोहल्ल्यात अजून कुणी तसं म्हणत नाही. मुलगेही जातात, उर्दू शाळांत आणि मराठी शाळांतही लागतात.

एक साधा हिशेब करून बघू. आज २२ वर्षांची असलेली मुलगी उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, तर ५८ व्या वर्षी निवृत्त होईल, म्हणजे २०६० च्या आसपास. तोवर वर्गातल्या भिंतीवर काय लटकलेलं असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे कॉलेजात तिला कुठलं ॲप शिकवलं यापेक्षा नवं साधन हातात आलं की ते वर्गासाठी कसं पारखायचं, हे शिकवलं का, याला जास्त महत्त्व आहे. फी भरणाऱ्या वालिदैननी हे समजून घ्यावं, म्हणून हा लेख.

अभ्यासक्रमात काय आहे

शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, एनसीटीई. तिच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. त्याच वेळी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाचा एक स्वतंत्र घटक आला. त्याच्या नावातच ‘चिकित्सक आकलन’ हे शब्द आहेत. म्हणजे संगणक चालवता येणं पुरेसं धरलेलं नाही. तो कशासाठी वापरायचा आणि कुठे वापरायचा नाही, याचा विचार छात्राध्यापकाने करावा ही अपेक्षा आहे. शिवाय दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात, त्याला आंतरवासिता म्हणतात.

कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी या घटकाची एक फाईल होते. मागच्या वर्षीच्या मुलींकडून पेन ड्राईव्ह आणायचा, नाव बदलायचं, रंगीत प्रिंट काढायची, स्पायरल बाइंडिंग करायचं. त्यात वीस स्लाईडचं एक सादरीकरण असतं आणि प्रत्येक स्लाईडवर पाठ्यपुस्तकातलाच परिच्छेद. परीक्षक पान उलटतो, सही करतो. आम्ही हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. शिकवणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेकांना स्वतःला कधी कुणी हे शिकवलेलं नसतं, हाही भाग आहेच.

दुसरा एक गैरसमज घरोघरी आहे: ‘आमच्या पोरीचं एमएससीआयटी झालंय, तिला सगळं येतं.’ एमएससीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात घराघरांत पोहोचलं आणि त्याचा फायदाही झाला. पण त्यात फाईल बनवणं, तक्ता मांडणं, ईमेल पाठवणं येतं. चौथीच्या चाळीस मुलांना अपूर्णांक समजत नाहीत तेव्हा संगणक काय मदत करेल, हे त्यात नाही. ते त्या कोर्सचं कामही नव्हतं.

तीन गोष्टींची गाठ

याबाबत शिक्षणशास्त्रात एक उपयोगी मांडणी आहे. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये म्हटलं की शिक्षकाला विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती येणं वेगळं, आणि ‘हा विषय मुलांना कसा समजतो, ते नेमकं कुठे अडतात’ हे कळणं ही तिसरीच गोष्ट आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं. त्यांचं म्हणणं असं की विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान तीन वेगळ्या तासांना शिकवून काम होत नाही. शिक्षकाला तिन्हींची गाठ मारता आली पाहिजे. या मांडणीला टीपॅक म्हणतात आणि बी.एड.च्या पुस्तकांत ती तीन वर्तुळांच्या आकृतीने दाखवतात. मुली आकृती पाठ करतात, परीक्षेत काढतात. वर्गात ती कशी दिसते ते मात्र उदाहरणानेच कळतं, म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. चांद.

चंद्रकला हा उच्च प्राथमिक वर्गांचा विषय. मुलं कुठे अडतात? बहुतेक मुलांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही, वाटतं की चंद्र लहान-मोठा दिसतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे. ते चूक आहे. सावली पडते ती ग्रहणाला. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडातच असतो, आपल्याला त्यातला कधी कमी कधी जास्त दिसतो एवढंच. शिक्षिकेला हा अडथळा आधीपासून माहीत असेल तरच ती योग्य साधन निवडू शकेल.

आता नवशिकी शिक्षिका काय करेल, तर यूट्यूबवरचा चार मिनिटांचा व्हिडिओ लावेल. व्हिडिओ सुंदर असेल. मुलं शांत बसतील, शेवटी ‘समजलं का?’ विचारल्यावर ‘हो मॅडम’ म्हणतील. सावलीचा गैरसमज डोक्यात तसाच राहील, कारण त्याला कुणी हातच लावला नाही.

जाणती शिक्षिका आधी खिडक्यांना चादरी लावेल. एक बल्ब म्हणजे सूर्य. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून धरलेला पांढरा चेंडू म्हणजे चंद्र. मुलाने चेंडूकडे बघत जागच्या जागी हळूहळू फिरायचं. बल्बच्या जवळजवळ दिशेला चेंडू आला की त्यावर बारीक कोर दिसते. बल्बकडे पाठ झाली आणि चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरला की पूर्ण चंद्र. हात खाली आला की डोक्याची सावली चेंडूवर पडते, आणि कुणीतरी ओरडतं, ‘मॅडम, ग्रहण!’ तिथे तो गैरसमज मोडतो. एकही पडदा न लावता.

मग पडद्याची वेळ येते. स्टेलॅरियम नावाचं आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर संगणकासाठी मोफत आहे. त्यात आपल्या गावाचं नाव टाकायचं, चांदरातीची तारीख टाकायची आणि घड्याळ मगरिबच्या वेळेला थांबवायचं. पश्चिमेला, क्षितिजाच्या अगदी जवळ, बारीक कोर दिसते. घड्याळ थोडं पुढे सरकवलं की ती मावळते. म्हणूनच लोक गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघतात आणि एवढी घाई करतात. एकेक दिवस पुढे जात राहिलं की त्याच वेळेला चंद्र रोज वर चढलेला दिसतो, आणि मावळायला रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशीर होतो. चेंडूने हे दाखवता येत नाही, सॉफ्टवेअरने येतं. दोन चांदांमधलं अंतर साधारण साडेएकोणतीस दिवसांचं, म्हणून महिना कधी २९ चा, कधी ३० चा. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. हे गणित मुलं स्वतः वहीत मांडू शकतात आणि तेव्हा पडदा बंद असलेलाच बरा.

मुलं पुढचा प्रश्न विचारणारच: सौदीत आपल्या आधी चांद का दिसतो? त्यातला भूगोल दाखवता येतो. सौदी आपल्या पश्चिमेला, तिथे सूर्य आपल्यापेक्षा काही तास उशिरा मावळतो, तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी थोडा दूर सरकलेला असतो. कोणत्या देशात चांद कसा जाहीर करायचा हा वेगळा विषय आहे, तो शाळेच्या तासाचा नाही.

या एका तासात शिक्षिकेने तीन निर्णय घेतले: चेंडू कधी, पडदा कधी, पडदा बंद कधी. भावी शिक्षकांना शिकवायचं ते हे निर्णय घेणं. ते फाईलमध्ये बसत नाही, सराव पाठातच येतं.

सगळ्यात स्वस्त साधन

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे मायक्रोटीचिंग, प्रत्येक बी.एड. कॉलेजात होतं. एकच कौशल्य घ्यायचं, उदाहरणार्थ प्रश्न विचारणं, आणि मैत्रिणींसमोर छोटा पाठ घ्यायचा. आपल्याकडच्या पद्धतीत सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रतिसाद, बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग परत सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रतिसाद, एकूण ३६ मिनिटं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत तयार झाली, तेव्हा व्हिडिओ टेपवर स्वतःचा पाठ पुन्हा बघणं हा तिचा मोठा भाग होता. आपल्याकडे पद्धत आली, पण महागडा कॅमेरा काही आला नाही. आज तो प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे, तरी पाठ क्वचितच रेकॉर्ड होतो.

इथे आपल्या घरांचा एक खरा प्रश्न आहे. मुलीचा व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये राहील, कुठे फिरेल, याची भीती अब्बांना वाटते, आणि ती वाटणं गैर नाही. उपाय अवघड नाही. रेकॉर्डिंग तिच्या स्वतःच्याच फोनवर, तिने स्वतः बघायचं आणि पुसायचं, वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, हा नियम कॉलेजने लेखी करावा. तेही नको असेल तर नुसता आवाज रेकॉर्ड करावा. आवाजातूनही पुष्कळ कळतं. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. आपण किती थांबतो हे कुठलाही निरीक्षक सांगण्यापेक्षा फोनवर स्वतः ऐकलं तर जास्त पटतं. रुपयाचा खर्च नाही.

उर्दूचं वेगळं दुखणं

मराठी माध्यमाच्या छात्राध्यापकाला जे आयतं मिळतं, ते उर्दू माध्यमाच्या मुलीला बरेचदा स्वतः बनवावं लागतं. बालभारतीची पुस्तकं उर्दूतही आहेत आणि त्यांच्या पीडीएफ मोफत मिळतात. केंद्राचं दीक्षा हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. पण मराठी-इंग्रजीच्या मानाने उर्दूत साहित्य कमीच पडतं, आणि बनवायला बसलं की लिपी आडवी येते.

वर्षानुवर्षं उर्दूचं टायपिंग म्हणजे इनपेज. नस्तालीक सुंदर दिसते, पोस्टर-पत्रिका छान निघतात. पण जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो उचलून दुसरीकडे चिकटवला की चित्रविचित्र खुणा दिसतात. मग मुली काय करतात, तर इनपेजमधून चित्र काढून स्लाईडवर डकवतात. चित्रात शब्द शोधता येत नाही, मुलाला तो कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन मुलासाठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये टाईप केलं की हे सगळं जमतं. फोनच्या कीबोर्डवर उर्दू भाषा जोडणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि युनिकोडचे नस्तालीक फॉन्ट मोफत मिळतात.

दुसरी अडचण दिशेची. उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यातला आकडा डावीकडून उजवीकडे. स्लाईडवर परिच्छेदाची दिशा बदलली नाही तर पूर्णविराम भलतीकडे जातो आणि गणिताचं समीकरण उलटसुलट होतं. हे एक बटण आहे, पण ते कुठे आहे हे कुणी तरी दाखवावं लागतं. उर्दू अध्यापन पद्धतीच्या तासाला हे शिकवलं जातं का, हे विचारण्यासारखं आहे. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचं शिक्षणशास्त्र महाविद्यालय औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि त्या विद्यापीठाच्या माध्यम केंद्राचे उर्दूतले पाठ यूट्यूबवर कुणालाही बघता येतात. प्रवेश दुसरीकडे घेतला असला तरी ते बघायला अडकाठी नाही.

मराठी माध्यमात शिकवणाऱ्या मुलींसाठीही भाषेचा मुद्दा आहे. घरात दखनी किंवा कोकणी बोलणारं मूल पहिलीत पुस्तकी मराठी ऐकतं आणि बावरतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना आठवत असेल. पण त्यांनी केलं काय होतं? मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक दुसऱ्या भाषेतलं. त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि क्यूआर कोडने पानाला जोडला. म्हणजे तंत्रज्ञान नंतर आलं, आधी मुलाची अडचण दिसली. छात्राध्यापिकेला एवढं मोठं काही करायची गरज नाही. धड्यातले वीस शब्द घरच्या बोलीत समजावून सांगणारा दोन मिनिटांचा आवाजी संदेश बनवला तरी आंतरवासितेत त्याचा उपयोग होतो.

एका फोनचं घर

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या वस्त्यांनी जे पाहिलं ते शिक्षक प्रशिक्षणात कायमचं आलं पाहिजे. घरात फोन एक, तोही अब्बा कामावर घेऊन जाणार. संध्याकाळी फोन आला की आधी दहावीतल्या भावाचा नंबर, बहिणीचा नंतर, आणि तोवर डेटा संपलेला. त्या काळात जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी लागणारी ‘टिलीमिली’ अशा घरांत पोहोचू शकली, कारण टीव्हीला डेटा लागत नाही. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ या रकान्याखाली ‘व्हिडिओ लिंक’ लिहिणाऱ्या मुलीला कुणी तरी विचारायला हवं: लिंक उघडणार नाही त्या मुलाचं काय? दीक्षावरचं साहित्य शाळेच्या वायफायवर आधी उतरवून ठेवता येतं, मग इंटरनेट नसतानाही चालतं. हे माहीत असणं आणि तशी तयारी करणं, दोन्ही शिकवण्याचे भाग आहेत.

नुसती यंत्रं वाटून काय होतं याचा धडा पेरू देशाने घेतलाय. तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांत लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. शिक्षकांची तयारी तोकडी होती, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपल्याकडे स्मार्ट टीव्ही भेट देणाऱ्या ट्रस्टनी आणि दानशूरांनी हे जरूर वाचावं. टीव्हीच्या किमतीतला थोडा भाग शिक्षकांच्या सरावासाठी ठेवला तर तो टीव्ही नुसता १५ ऑगस्टला लागणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यात. छात्राध्यापक आता पाठ टाचण चॅटबॉटकडून लिहून घेतात, हे उघड गुपित आहे. मसुदा घ्यायला हरकत नाही. पण चॅटबॉट चुकीची माहितीही ठामपणे सांगतो, आणि आपल्या वर्गातली मुलं कुठे अडतात हे त्याला माहीत नसतं. तपासायला विषय यावाच लागतो. सरावाच्या सुरुवातीच्या काळात टाचण हाताने लिहावं असं आमचं मत आहे, जुनाट वाटलं तरी.

मुलांच्या फोटोंबद्दल मात्र सैल राहून चालणार नाही. आंतरवासितेत प्रत्येक उपक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. भावी शिक्षिकेने पहिल्या दिवसापासून फोटो पाठीमागून, चेहरे न दिसतील असे काढायची सवय लावावी.

प्रवेश घेण्याआधी

कॉलेज बघायला जाल तेव्हा एनसीटीईची मान्यता तर तपासाच, पण संगणक कक्षही उघडून दाखवा म्हणा. किल्ली शोधायला पंधरा मिनिटं लागली तर समजून जा. मागच्या वर्षीच्या मुलींना विचारा की तंत्रज्ञानाच्या घटकासाठी प्रत्यक्ष वर्गात किती पाठ घेतले, की फक्त फाईल दिली. उर्दू माध्यम असेल तर युनिकोड टायपिंग कोण शिकवतं ते विचारा. आंतरवासितेसाठी कोणत्या शाळा मिळतात आणि तिथे चालू स्थितीतला एक तरी टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे का, हेही.

घरातलंही एक काम आहे. बी.एड.ची सीईटी संगणकावर होते, शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा, म्हणजे टेट, तीही संगणकावर. पात्रतेच्या टीईटीशी तिची गल्लत करू नका. मुलगी प्रशिक्षण घेत असेल आणि घरात लॅपटॉप एकच असेल, तर रोज तासभर तो तिचा असला पाहिजे. इशानंतर भावाचा गेम संपल्यावर उरलेला तास नको, मगरिबच्या आधीचा, डोळे ताजे असतानाचा द्या. आंतरवासितेच्या आठवड्यांत तर दोन तास लागतील, कारण स्टेलॅरियम उतरवून, आपलं गाव शोधून, चांदरातीचं आकाश नीट जमवून ठेवायला पहिल्यांदा तेवढा वेळ जातोच.